बियाण्याच्या माळा

आमची आत्याबाई सगळं विसरली, पण कोसा विसरली नाही, असं मामाजी गावभर सांगत फिरायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे वारलू, आणि आत्याबाई म्हणजे माझी सासू बायनाबाई. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी कुठलीशी कुस्ती मारून आली आहे. लोक मान डोलवायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. त्यांचं काय जातं? तिची लुगडी नाल्यावर मीच धूत होते.

चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला, त्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून आमचा टोला, छोटी वस्ती. आम्ही ढिवर. पावसाळ्यात मासोळी, थोडं धान, आणि वाडवडिलांपासून कोसा. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं तर काम असं. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर अळ्या वाढवायच्या, कावळ्या-पाखरांपासून राखायच्या, आणि त्यांनी आपल्या अंगाभोवती घर विणलं की ते कोसे उतरवायचे. हे पुरुषांकडे. ज्या कोशांचं सूत काढायचं, त्यांतला किडा कडक उन्हात मारतात. बियाण्याचा कोसा मात्र जिवंत ठेवायचा. आतला किडा उन्हाळाभर झोपतो, मिरगाची ओल हवेत आली की फुलपाखरू होऊन बाहेर पडतो, अंडी घालतो, आणि पुढचं पीक उभं राहतं. बी मेलं तर वर्ष मेलं, एवढा साधा हिशेब.

सूत काढायचं काम बायांकडे, आणि त्यात आत्याबाईचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. राखेच्या पाण्यात शिजवलेले चार-पाच कोसे पुढ्यात घ्यायची, लुगडं मांडीपर्यंत सारायची, सगळ्यांचे तंतू एकत्र धरून तळहाताने मांडीवर वळायची आणि दुसऱ्या हाताने फाळक्यावर गुंडाळत जायची. मांडीवरची कातडी घासून घासून चकचकीत झाली होती. आरमोरीचे विणकर नुसतं बोटात धरून तिचं सूत ओळखायचे. मला तिनं कधी मनापासून शिकवलं नाही. 'तुही मांडी खरबडी आहे,' म्हणायची. नवी सून, मी काय बोलणार? मनात म्हणायचे, तुझी मांडी तुला लखलाभ.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी मीठ गेलं. भाजीत दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही. तेव्हा आम्ही हसलो. मग एक दिवस तिनं माझ्या नवऱ्याला, लहानूला, विचारलं, "तू कोनाचा रे?" त्याला वाटलं थट्टा करते आहे. म्हणाला, "तुहाच." ती हसली नाही. त्या दिवसापासून आम्हीही हसायचं सोडलं.

पुढे पुढे तांदळाच्या कोठीत गोवऱ्या सापडायला लागल्या. दिवस कलला की माहेरी जायला निघायची. माय वाट पाहून राह्यली, म्हणायची. ती माय मरून जमाना झाला होता. अडवलं की चावायची, ओरबाडायची, शिव्या द्यायची. अशा शिव्या की मला प्रश्न पडायचा, इतकी वर्षं या बाईनं ह्या कुठे कोंडून ठेवल्या होत्या? एकदा भर उन्हात निघून गेली आणि वडशाच्या रस्त्यावर पुलाखाली सापडली, ओठ फुटलेले, एका पायात चप्पल नाही. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरने डोळ्यांत बत्ती मारून पाहिलं आणि सांगितलं, म्हातारपण आहे, सांभाळा. एवढं तर शेजारच्या बुधरीनंही घरबसल्या सांगितलं असतं.

लहानू स्वभावाने वाईट नाही. पण एका सकाळी आम्हा सगळ्यांनाच बाहेर जायचं होतं, तेव्हा त्यानं तिचा पाय दोरीनं खांबाला बांधला. मामाजी परतले तेव्हा घोट्याची साल निघाली होती आणि ती बैलासारखी हंबरत होती. त्यांनी विळ्यानं दोरी कापली. ती काही केल्या थांबेना, तेव्हा त्यांनी हाताला लागलं ते तिच्या हातात दिलं. तो भांड्यातला शिजवलेला कोसा होता, मी सकाळी सूत काढायला घेतलेला.

ती गप्प झाली. कोसा बोटांत फिरवला, टोक शोधलं, दुसरा हात पुढे केला. मामाजींनी आणखी तीन-चार दिले. लुगडं आपोआप मांडीवर सरलं आणि सूत निघायला लागलं, तेच, पूर्वीचं, एकसारखं. दुपारचा भात होईपर्यंत ती तशीच बसून होती. मामाजी तिच्यासमोर उकिडवे बसून ढसढसा रडत होते. तिचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

त्या दिवसापासून घराला नवा कायदा लागला. उजाडताच तिची आंघोळ, काळा चहा, मग चुलीवर राखेच्या पाण्याचं भांडं. अंगणातल्या मांडवाखाली तिची बसायची बोरी अंथरायची, नेहमी त्याच जागी, तोंड पूर्वेला. मामाजी टोपली घेऊन समोर बसणार आणि एकेक कोसा हातात देणार. बोलणंही ठरलेलं.

"घे, आज नरम शिजले."

"सूत कोनाचं आहे?"

"आरमोरीवाल्याचं."

"त्याले बारीक लागते."

"म्हनून तं तुह्याकडं आनलं."

रोज हेच. नाटक कंपनीत असते तर दोघांनाही पाठांतराचं बक्षीस मिळालं असतं. दुपारी जेवण, थोडी झोप. ऊन उतरलं की मामाजी तिचा हात धरून नाल्यापर्यंत नेऊन आणायचे, म्हणजे माहेरी जाऊन आल्यासारखं होई. आल्यावर फाळक्यावरचं सूत उतरवायचं, दिवा लावायचा, भात खायचा. यातलं एक जरी पुढे-मागे झालं तर संध्याकाळ आमच्या डोक्यावर बसायची. पण नेमानं झालं की ती शांत असायची. मी धान कापायला जाऊ शकले, लहानू जाळं टाकायला. मला हे मान्य करायला जड जात होतं, कारण घर सोडून त्या बोरीभोवती फिरणारा सासरा बघून माझं डोकं फिरायचं, पण त्यांनी ते जमवलं होतं.

एका दुपारी तिनं मला जवळ ओढलं, फणी घेतली आणि माझे केस विंचरून दिले. "सोनी, किती गुंता केला वो," म्हणाली. सोनी तिची लहान बहीण, नदीत गेलेली. मी सोनी झाले. सून म्हणून तिनं माझ्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. त्या रात्री मी लहानूला काही सांगितलं नाही, पण मला ती बाई पहिल्यांदा माझी वाटली, आणि ते फार उशिरा झालं म्हणून रागही आला.

मामाजींना मात्र एवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना ती नुसती शांत नको होती. त्यांना ती हवी होती. ते म्हणायचे, "हात जागे आहेत तवर बायना इथीच आहे. तोंडाले रस्ता सापडत नाई, एवढंच." मी म्हणायचे, "हातानं कोन बोलते, मामाजी?" ते माझ्याकडे असं बघायचे की मीच वेडी.

माघात हिवाळी पीक उतरलं तेव्हा तर त्यांना पुरावाच मिळाला. दरवर्षी बियाण्याचे कोसे घरची बाई निवडते. आत्याबाई ढिगासमोर बसली. कोणी काही सांगितलं नाही. तिनं एकेक कोसा कानाशी धरून हलवायला सुरुवात केली. आतला किडा जिवंत असला तर कोसा जड लागतो आणि आत बद्द ठोका येतो. मेला असला तर सुकून खुळखुळतो. जड एकीकडे, हलका दुसरीकडे. लहानूनं तिच्यामागे बसून पुन्हा तपासले. एक चूक नाही. मामाजी म्हणाले, "आता बोला." मलाही वाटलं, कोण जाणे, खरंच आत कुठे असेल.

मग त्या कोशांच्या देठांतून दोरा ओवून माळा केल्या आणि नेहमीच्या जागी, ती झोपते त्या खोलीच्या आड्याला टांगल्या. आमच्या घराची रीत अशी की बी घरच्या बाईच्या हातचं. तिच्याशिवाय माळेला कोणी हात लावत नाही. मिरगाच्या तोंडावर पहिलं फुलपाखरू निघायची वेळ आली की तीच माळा उतरवणार. तिनं उतरवल्या की पुरुषांनी कुऱ्हाड घेऊन जंगल गाठायचं आणि झाडांखालचं झुडूप साफ करायचं. आत्याबाईला तर फुलपाखरू निघायच्या आदल्या दिवशीच कळायचं. कशावरून, ते तिनं कधी सांगितलं नाही.

लहानू म्हणाला, "बाबा, औंदा बी काकाच्या घरी ठेवू. मायचा भरोसा नाई."

"कोनाच्या घरी?"

"काकाच्या. हरकत काय आहे?"

"तुही माय जिती आहे. तिच्या जितेपनी तिचं बी दुसऱ्याच्या घरी टांगू? मंग तिले नदीवरच नेऊन ठेव ना."

लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सासऱ्यापुढे मी कोण?

होळी झाली आणि सूत काढायचे कोसे संपत आले. बाकी विकले गेले होते, दुसरं पोट कशानं भरणार? मामाजी गावोगाव फिरायला लागले. कुणाकडून हलके, कुणाकडून डागी, कुणाकडून फुटके कोसे मागून आणायचे. फुटक्याचा तंतू तुटलेला असतो, त्याचं सरळ सूत निघत नाही. आत्याबाई असा कोसा हातात घ्यायची, एकदा फिरवायची आणि दूर फेकायची. मामाजी त्यातही खूश. "पाय, फसत नाई." मी म्हणाले, फसली असती तर बरं झालं असतं.

चैत्र-वैशाखात ओढाताण वाढली. चांगला कोसा कुणाकडेच उरला नव्हता. मामाजींनी तिला कापसाचे पेळू दिले, अंबाडीचे धागे दिले, निवडायला तांदूळ दिले. तांदूळ तिनं अंगणभर उधळले. भांडं रिकामं दिसलं की ती ते उचलून आपटायची. पुन्हा शिव्या, पुन्हा माहेर. अंथरूण रोज ओलं. एका दुपारी तिनं मामाजींच्या हाताचा असा चावा घेतला की दात उमटले. ते म्हणाले, "कोसा नाई म्हनून करते बिचारी." हाताला हळद लावून पुन्हा तिच्यासमोर जाऊन बसले. त्यांचे गाल आत गेले होते. रात्री झोप नाही, दिवसा झोप नाही. मी मनातल्या मनात तिच्या मरणाची वाट पाहत होते, आणि चुलीपुढे बसून देवाला सांगत होते की ते ऐकू नको.

मृगाला थोडे दिवस उरले असतील. आभाळ भरून यायचं आणि तसंच जायचं, अंग नुसतं चिकचिक करायचं. लहानू पहाटेच शेताच्या धुऱ्यावर माती टाकायला गेला होता. मी मोहाखाली टोऱ्या वेचायला गेले. मोहाच्या बियांना आम्ही टोऱ्या म्हणतो, त्यांचं तेल निघतं. टोपली भरून परत निघाले तर वाटेत मामाजी दिसले. खांद्यावर कुऱ्हाड, आणि चाल अशी की पंचवीस वर्षांचा गडी.

"कांता," लांबूनच म्हणाले, "बी उतरवलं तिनं."

"कोनं?"

"तुह्या सासूनं. आपल्या हातानं. मी चहा पिऊन राह्यलो होतो. उठली, आत गेली, पाटावर चढली आन् एकेक माळ सोडवली. मी सांगतलंच नोतं काई. मांडीवर घेऊन बसली होती, जशी दर साली बसते."

"फुलपाखरू निघालं का?"

"मी पायलं नाई. पायाचं काय काम? तिले आधीच कळते." त्यांनी कुऱ्हाड या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "वापस आली, कांता. तुमी सारे म्हनत होते ना. वापस आली."

मी विचारलं, "तिच्यापाशी कोन आहे?"

"बुधरी बसली आहे. आन् आता तिले कोनाची राखन पायजे? मी झाडाखाली साफ करून येतो. येताना कुंभाराकडून अंड्यासाठी मडकं आनतो."

ते गेले. मी तिथेच टोपली घेऊन उभी राहिले. मलाही ते खरं वाटलं, हे सांगून टाकते. मी घाईनं निघाले ती भीतीनं नव्हे, तिला बघायला. मला वाटलं, जाऊन तिच्या पाया पडावं, ती 'कांता' म्हणते का ते ऐकावं.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. शिजलेल्या कोशाचा. तो वास माझ्या नाकात इतका बसलेला की आधी काही वाटलंच नाही. चार पावलांनी लक्षात आलं की घरात शिजवायला एक कोसा शिल्लक नव्हता.

अंगणात बुधरी सुपारी कातरत बसली होती. बुधरी धान करणाऱ्या घरची, बियाण्याचा कोसा काय आणि सुताचा काय, तिला सगळा सारखाच. मला बघून कौतुकानं म्हणाली, "तुही सासू चांगली झाली वो. आपल्या हातानं चूल पेटवली, राख टाकली, पानी ठेवलं. मले म्हने बस, सूत काढून होते आता."

मांडवाखाली आत्याबाई बसली होती. तोंड पूर्वेला. लुगडं मांडीवर सारलेलं. चुलीवर मोठं भांडं, आणि त्यात काठोकाठ कोसे. सुटलेले दोरे बाजूला पडले होते. एकही माळ उरली नव्हती. फाळक्यावर सूत चढलं होतं आणि ते सूत फार सुंदर होतं. तसं तिनं मागच्या कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. तिचा चेहरा निवांत होता. ती बी उतरवत नव्हतीच. इतके दिवस रिकामं भांडं बघून कंटाळलेली ती, कोसे कुठे दिसतात ते शोधत होती, आणि ते तिला झोपायच्या जागेवरच सापडले.

मी भांडं उतरवलं. हात भाजला. पाणी ओतलं, कोसे जमिनीवर पसरले, दोन-चार कानाशी धरून हलवून पाहिले, जणू आत कोणी उत्तर देणार होतं. ती माझ्यावर ओरडली. बुधरीनं विचारलं, काय झालं? मी तिला समजावत बसले नाही. मला दाराशी जाऊन मामाजींना गाठायचं होतं, आधी सांगायचं होतं, पण मी कोसेच हलवून बघत राहिले. अशी बातमी कोणत्या तोंडानं द्यायची?

ते आले तेव्हा एका हातात नवं मडकं होतं, दुसऱ्या हातात येनाची कोवळी डहाळी, तिला दाखवायला आणलेली. दारातच थांबले. जमिनीवरचे कोसे पाहिले, मग बाजूला पडलेले दोरे पाहिले. मडकं त्यांनी हळूच भिंतीशी ठेवलं. जमिनीवरचा एक कोसा उचलून अंगठ्यानं दाबला. आतून शिजलेला किडा बाहेर आला.

ते तिच्यासमोर, नेहमीच्या जागी, जाऊन बसले. तिनं मान वर केली. तिचे डोळे स्वच्छ होते, आनंदी होते, आणि त्यांत वारलू नावाचा कोणी नव्हता. ती म्हणाली, "नरम शिजले आज."

तिनं हात पुढे केला, कोसा मागितला. त्यांनी तो दिला नाही. मग मीच उचलून दिला, नाही तर ती उठली असती.

लहानू आल्यावर घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. तो आईवर धावून गेला, मी मध्ये पडले, तिनं माझ्याच तोंडात मारली. बापाला म्हणाला, "मी सांगतलं होतं." दहा वेळा म्हणाला. मामाजी ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. शेवटी एवढंच बोलले, "बायना असती तं तिनं आपले हात तोडून देल्ले असते, बियाले पान्यात टाकलं नसतं."

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. बियाण्यासाठी नाही. बी गेलं होतं, ते मेहनतीनं परत येतं. पण इतके महिने त्या माणसानं ज्या दोन हातांवर जीव टांगला होता, त्या हातांनीच त्याला सांगितलं होतं की आत कोणी नाही. हात नुसते चालत होते, आतली बाई गेली तरी, जसा मेलेल्या कोंबड्याचा पाय काही वेळ हलतो.

मामाजींचे भाऊ, लहानूचे काका, दुसऱ्या दिवशी आले. भला माणूस. म्हणाले, माझ्या बियातलं अर्धं घेऊन जा. मामाजी म्हणाले, "ने वापस." काकांनी समजावलं, लहानूनं हात जोडले, मीही पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आवाज चढवला, "मामाजी, आमी खाऊ काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. म्हणाले, "सूत कोन काढंल, बाई?" मी म्हणाले, मी काढीन. त्यांनी मान फिरवली. माझी मांडी खरबडी, हे त्यांनाही ठाऊक होतं. लहानूनं सडकेचं काम धरलं.

शिजलेल्या बियाण्याचा ढीग मात्र होता. तो वाळवून मी टोपलीत भरला आणि रोज थोडा थोडा भिजवून आत्याबाईला द्यायला लागले. आंघोळ, चहा, चूल, बोरी. मामाजी त्या मांडवाकडे फिरकत नव्हते. समोर मी बसायचे. ठरलेलं बोलणं मला पाठ होतं, ते मी बोलायचे. तिला काही फरक पडला नाही. तिला टोपली देणारा हात पाहिजे होता, कोणाचा ते नाही. हे मामाजींना न दिसलेलं बरं, असं मला वाटायचं. पण ओसरीवरून सगळं दिसतं.

पाऊस लागला. बाकीची घरं अळ्या घेऊन जंगलात गेली. एका सकाळी मामाजींनीही गुलेल उचलली, मातीच्या गोळ्यांची पिशवी घेतली आणि निघाले. मी म्हटलं, काकांच्या झाडांची राखण करत असतील, बरं झालं, मन रमेल. संध्याकाळी परतायचे, दोन घास खायचे, तिच्याकडे पाठ करून झोपायचे. बरेच दिवस असं चाललं. मग लहानूला सडकेवर कोणीतरी सांगितलं की तुझा बाप काकाच्या नाही, तुमच्याच झाडांखाली बसलेला असतो.

आमच्या झाडांवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डब्यात भात घेतला. आत्याबाईला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिचाही हात धरला. झिमझिम पाऊस होता, तिच्या डोक्यावर पोत्याची खोळ दिली. तीही निमूट आली. माहेरी जायचं का, म्हणून दोनदा विचारलं. मी हो म्हणाले.

मामाजी झाडाखाली उभे होते. दाढी वाढलेली, आमचे लोक अळ्या राखताना वाढवतात तशी. वर बघत होते. मध्येच गुलेल ताणून गोळी मारायचे आणि तोंडानं हाळी घालायचे, कावळ्यांना हाकलायची, लांबवर जाणारी. येनाला भरगच्च कोवळा पाला फुटला होता. एकही पान कुणी कुरतडलेलं नव्हतं. मला वाटलं, हेही गेले. आता माझ्या घरात दोन झाले.

मी जवळ जाऊन म्हणाले, "मामाजी, झाडावर काई नाई."

"माईत आहे मले," ते म्हणाले. आवाज अगदी शहाण्या माणसाचा होता.

"मंग घरी काऊन येत नाई?"

"घरी कोन आहे?"

आत्याबाई माझा हात धरून उभी होती. पोत्याच्या खोळीवरून पाणी गळत होतं. ती त्यांच्याकडे बघत होती, जसं वाटेत भेटलेल्या माणसाकडे बघतात, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. मी डबा दगडावर ठेवला.

"तिले ने," ते म्हणाले. "ओली होऊन राह्यली."

मी तिला घेऊन वळले. मागून त्यांची हाळी पुन्हा सुरू झाली आणि बांधापर्यंत ऐकू येत राहिली. टोपलीत कोसे थोडेच उरले होते, आणि घरी गेल्याबरोबर तिला पेटलेली चूल लागणार होती.